तिनाच्या आकड्याचे पाय

दादा,

वरती 'तीर्थस्वरूप' लिहायचं असतं, हे तूच मला शिकवलंस. पण आज मी ते लिहिणार न्हाई. आज मी तुझ्यावर रागावले आहे. राग उतरला तर खाली कुठंतरी लिहीन.

तू म्हणशील, मला जाऊन सव्वा वर्ष झालं आणि हिला राग आता आला! हो, आताच आला. वर्षश्राद्धाला मी किती शहाण्यासारखी वागले ते वैनीला विचार. एकदाच रडले, आणि तेही चुलीच्या धुरावर ढकललं. पण परवा शंकर गुरव गावाकडून बैलगाडी घेऊन आल्ता. गाडीत कडब्यावर, जुन्या धोतरात गुंडाळून, मारुतीच्या देवळातलं घड्याळ ठेवलेलं होतं.

हो, तेच! तू सागवानी तबकडी केलेलं, पितळी आकड्यांचं. तिनाच्या आकड्यात लोखंडी खिळा ठोकलेलं.

घड्याळ बंद पडलंय. तू गेल्याचं गुरवाला माहीत होतं, तरी तो आला. म्हणाला, "दुसरीकडं न्यायला मन झालं न्हाई." मंग मीच तुझी पेटी फळीवरून खाली काढली. चौदा वर्षांनी हातात हत्यार धरलं. तबकडी सोडवली, पालथी घातली, तिनाचा खिळा उपटला, आकडा तळहातावर घेतला आणि बसल्या जागी बसून राह्यले.

दादा, चौदा वर्षं मी एकच गोष्ट मनात धरून होते. तिनाचा आकडा माझ्या कच्च्या कामानं पडला, आणि मला वाचवायला तू भर पंचांत खोटं बोललास. त्यापायी मी तुझ्या शेजारची माझी चटई गुंडाळली, ती परत पसरली न्हाई. आणि आता बघते तर काय? तू खोटं बोललाच नव्हतास! आता तूच सांग, राग येऊ नये तर काय व्हावं?

थांब, मधे बोलू नको. ती तुझी खोड आज चालायची न्हाई, टाक माझ्या हातात आहे. मी सगळं पहिल्यापासून सांगणार आणि तू ऐकणार.

आबांना तुला मेंढरांमागं धाडायचं होतं. त्यांचे वडील मेंढरांमागं, आजे मेंढरांमागं. तू लोकर विकायला म्हणून जालन्याला गेलास, कादराबादेत घड्याळवाल्या उस्तादांच्या दुकानासमोर उभा राह्यलास आणि लोकरीचं ओझं तिथंच विसरून घरी आलास! आबा काय भडकले होते. "मेंढराला घड्याळ लागत न्हाई, दिवस लागतो!" तू खाली मान घालून सगळं ऐकलंस आणि दुसऱ्या दिवशी परत गेलास. लोकर आणायला जातो म्हणालास. ती लोकर आणायला तुला तीन वर्षं लागली.

उस्ताद मी दोनदाच पाहिले. पांढरी दाढी, कानात अत्तराचा बोळा, डोळ्याला भिंग. त्यांची शिकवण मात्र रोज ऐकली, कारण तू ती रोज ऐकवायचास. "चेहरे पो पेच नक्को दिखना." घड्याळाच्या तोंडावर कुठं पेचाचा खिळा दिसला की ते काम कच्चं. आकडे असोत, कडं असो, काटे असोत, जे काय धरून ठेवायचं ते मागून. तुला ह्या गोष्टीचं खूळच लागलं होतं. दुसऱ्याच्या दुकानातलं घड्याळ पाहिलं की तू वेळ बघायच्या आधी पेच मोजायचास.

एकदा मी चिडवलं तुला. म्हटलं, "पेच दिसला तर काय घड्याळ लाजतं का?" तू एकदम गंभीर झालास. "गोदे, तुझं नाक कुठून बसवलंय ते दिसतं का? दिसलं असतं तर तुझ्याकडं कुणी बघितलं असतं का?" मी म्हणाले, "आता तरी कोण बघतंय?" आणि तू मान खाली घालून कानस उचललीस. दिवसभर ती खाली ठेवली न्हाईस. मला फार वाईट वाटलं रे. बोलायच्या भरात बोलून गेले होते.

कारण तेव्हा मी नुकतीच परत आल्ते. नवऱ्यानं दुसरी केली होती आणि मला गोठ्याशेजारी जागा दिली होती. तू मला बघायला म्हणून आलास आणि गाडीत घालून घेऊनच निघालास. सासू दारात उभी राहून म्हणाली, "लोक काय म्हनतील?" तू म्हणालास, "लोकांना म्हनावं जालन्याला या, चहा पिऊन जा." घरी आल्यावर मावशी, आत्या, सगळ्या माझा पाट लावून दुसरं घर बघायच्या मागं लागल्या. तू त्यांना बाहेरच्या बाहेर वाटेला लावलंस. "तिच्या मनात आलं तर ती सांगील." माझ्या मनात काही आलं न्हाई. मी नुसती भिंतीला टेकून बसायची.

मंग एके दिवशी तू माझ्यासमोर परात ठेवलीस. परातीत पितळेच्या बारीक पाचरी, तांदळाच्या कणीएवढ्या. म्हणालास, "ह्यातल्या वाकड्या निवड." दुसरं काही म्हणाला न्हाईस. मी निवडल्या. दुसऱ्या दिवशी परत परात. आठ दिवसांनी तू तुझ्या शेजारी चटई पसरलीस आणि म्हणालास, "तिथून उजेड येत न्हाई, इथं बस." त्या चटईवर बसून मी आकडे शिकले, आकड्यांवरून अक्षरं शिकले, आणि अक्षरांवरून हे पत्र आलं. बघ, तुझीच करणी तुला भोवली!

आता घड्याळाकडं येते.

आपल्या गावच्या मळ्यातल्या त्या सामायिक विहिरीचं भांडण तुला सांगायला नको. वरच्या मळ्याचा म्हादू आणि खालच्या मळ्याचा धोंडिबा. विहीर एक, मोट एक, दुपारपर्यंत ह्याची पाळी आणि मंग त्याची. सावलीवरून ठरायचं. पण आभाळ आलं की सावली न्हाई, आणि सावली न्हाई की काठ्या निघायच्या. शेवटी पाटलांनी कुठून तरी एक जुनं लंबकाचं घड्याळ आणवलं. ते मारुतीच्या देवळात लावायचं, तीन वाजेपर्यंत म्हादूची मोट, तिनानंतर धोंडिबाची. देवासमोर कोण खोटं बोलणार?

घड्याळ चालू करायला तुझ्याकडं आलं. चाकं ठणठणीत, पण तबकडी ओल लागून कुजलेली. आणि तिच्यावर कचेरीतल्या घड्याळासारखे काड्यांचे आकडे, ते गावात कुणाला वाचता येणार? पाटील म्हणाले, आपले बाळबोध आकडे पाहिजेत. तुझे डोळे असे चमकले! मी तेव्हाच ओळखलं की आता घरात पंधरा दिवस दुसरं बोलणं निघायचं न्हाई.

सागवानाची गोल फळी तू तासलीस. पितळेच्या पत्र्यातून बारा आकडे आरीनं कापलेस, कानशीनं घासलेस. प्रत्येक आकड्याच्या पाठीला तांब्याच्या तारेचे दोन पाय, कथलाचा डाख देऊन जोडलेले. पायाच्या टोकाशी एक आडवं बारीक भोक. पाय फळीतून आरपार मागं काढायचे, हलू नयेत म्हणून मागून लाखेचा थेंब द्यायचा, आणि मंग त्या आडव्या भोकात पाचर सारायची. पाचर बसली की आकडा जन्मात हलायचा न्हाई. समोरून बघावं तर आकडे नुसते लाकडावर टेकल्यासारखे. कडंही तसंच बसवलंस. काट्यांच्या मधली पाचर तेवढी समोरून असते, तीही तू पितळी टोपीखाली झाकलीस. किती नटवलं होतंस ते घड्याळ! वैनी म्हणायची, "माझ्या लग्नात एवढं मन लावलं असतं तर!"

सात ते बारा तू बसवले. एक ते सहा मला दिलेस. मला! मी दोनदा विचारलं, खरंच बसवू? तू मान वर न करता म्हणालास, "का, हात दुखतात?"

त्यातल्या तिनाचे पाय डाखातून निघाले. तू तो परत घेतलास, नवीन पाय जोडलेस आणि सगळ्यात शेवटी माझ्या हातात दिलास. मी पाय फळीतून घातले, लाखेचा थेंब दिला, पाचर उचलायला हात परातीकडं नेला, आणि आतून वैनीची हाक आली. तिला कळा सुरू झाल्या होत्या. मी सगळं टाकून धावले.

जमना झाली त्या दुपारी. तुझी जमना! बाहेरून कुणी म्हणालं, "मुलगी आहे," जरा पडक्या आवाजात, तर तू असा ओरडलास, "मुलगी आहे!" की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. दुसऱ्या दिवशी दिवसभर गूळ वाटत फिरलास. मी दहा दिवस बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर पडले न्हाई. घड्याळ कधी जुळवलंस, कधी गाडीत चढवलंस, मी पाहिलंसुद्धा न्हाई. आणि माझ्या हातून राहिलेली ती एक पाचर मला सांगायचीच राहिली. विसरले, दादा. साफ विसरले.

घड्याळ लावलं त्या दिवशी मात्र मला तू हट्टानं नेलंस. गाव जमलं होतं. पाटलांनी तुला मानाचा नारळ दिला, आणि तू सगळ्यांसमोर म्हणालास, "ह्यातले सहा आकडे माझ्या बहिणीनं बसवले." बायकांनी माझ्याकडं वळून पाहिलं. एका म्हाताऱ्यानं मान हलवली, ती मला आवडली न्हाई. पण मला काय त्याचं! परत येताना गाडीत मी एकटीच हसून राह्यले होते. तू विचारलंस, "काय झालं?" मी म्हणाले, "काही न्हाई." तेही खोटंच होतं.

मंग हनुमान जयंती आली. शंकर गुरवाच्या मनात आलं, मारुतीला दिवा आहे आणि मारुतीच्या घड्याळाला न्हाई, हे बरं दिसत न्हाई. त्यानं घड्याळाच्या उजव्या अंगाला, कोनाड्यात, एक दिवा लावला. चांगला मोठा, तेल भरून. जयंती झाली तरी तो दिवा चालूच ठेवला. चैताचं ऊन, वर दिव्याची धग. मागची लाख मऊ पडली आणि तिनाचा आकडा सरळ खाली, फुलांच्या ढिगात.

त्या दुपारी म्हादूची मोट काही थांबेना. धोंडिबा बैल घेऊन आला. "तीन वाजले, उतर." म्हादू म्हणाला, "कुठं वाजले? दाखव!" दोघं देवळात गेले. दोनाचा आकडा आहे, चाराचा आहे, मधे नुसतं लाकूड. म्हादू म्हणाला, "बघ, तीन न्हाईच. चार वाजेपर्यंत पाळी माझी!" अरे, आज लिहिताना मला हसू येतंय. पण त्या दिवशी धोंडिबाचं डोकं फुटलं होतं.

निरोप आला तसे आपण दोघं गेलो. पंच देवळासमोरच्या पारावर बसलेले. तिनाचा आकडा पानावर ठेवलेला, त्याला कुणी तरी कुंकूसुद्धा लावलं होतं.  मला एकदम ती परात आठवली, ती न उचललेली पाचर आठवली. आणि तेवढ्यात तो मान हलवणारा म्हातारा बोललाच. "एक ते सहा बाईच्या हातचे ना? बाईच्या हातचा आकडा, टिकनार कसा?"

मी तोंड उघडणार होते, दादा. देवाशपथ उघडणार होते. पण तू आधी उठलास. पटका काढून हातात घेतलास आणि म्हणालास, "आकडा माझा, चूक माझी. बहिणीच्या हातचे पाच आकडे वर आहेत. ज्याला वाटतं त्यानं हलवून पाहावं." धोंडिबा, डोक्याला फडकं बांधलेला, तो स्वतः उठला. त्यानं देवळात जाऊन एक, दोन, चार, पाच, सहा, सगळे हलवून पाहिले. एकही हलला न्हाई.

तुला घड्याळ जालन्याला आणून आकडा नीट करायचा होता. पंच म्हणाले, "घड्याळ खाली काढलं तर पाळीचं काय? खिळा ठोका अन् मोकळे व्हा." सुताराला बोलावलं. त्यानं तिनाच्या बरोबर मधोमध लोखंडी खिळा ठोकला. हातोड्याच्या प्रत्येक घावाला तुझा चेहरा मी पाहत होते. उस्तादांची शिकवण तुझ्या डोळ्यांसमोर मोडत होती, आणि मला वाटत होतं, हे सगळं माझ्यामुळं. वर पुन्हा माझं नाव राखायला हा देवासारखा माणूस देवळासमोर खोटं बोलला!

निघताना तू गाडी जुंपायला पुढं गेलास, मी मारुतीसमोरच बसून राह्यले. आठवतं?

दुसऱ्या दिवशी तू नेहमीसारखी माझी चटई पसरलीस. मी भाजी निवडत बसले. तिसऱ्या दिवशी विचारलंस, "गोदे, आज बसतीस का?" मी म्हणाले, "जमनाला न्हाऊ घालायचंय." त्यानंतर आठ दिवसांनी परत विचारलंस. मी म्हणाले, "मला न्हाई जमायचं ते काम, दादा." तू माझ्याकडं बघितलंस, काही तरी म्हणणार होतास, पण म्हणाला न्हाईस. चटई मी गुंडाळून माळ्यावर टाकली. का म्हणाला न्हाईस रे? एवढा बडबड्या तू, तेव्हाच कशी दातखिळी बसली?

आणि मंग तू जाईपर्यंत आपण एकाच घरात राह्यलो. मी तुला भाकरी वाढली, तू मला लुगडी आणलीस, जमनाचं लग्न केलं, तिला बदनापूरला पोचवून आलो, येताना दोघंही रडलो. सगळं बोललो, ते एवढंच बोललो न्हाई. शेवटी शेवटी तुझे डोळे गेले. पाचर हातातून पडायची आणि तू जमिनीवर तळहात फिरवत बसायचास. मी यायची, पाचर उचलून तुझ्या हातात द्यायची आणि चुलीकडं परत जायची. खाली बसले असते तर काय झालं असतं? माझे डोळे तर चांगले होते! दादा, ते तळहात फिरवणं माझ्या डोळ्यांसमोरून जात न्हाई.

आता परवाचं सांगते. खिळा काढला, तिनाचा आकडा पालथा केला. त्याचे दोन्ही पाय सुताराच्या घावांनी वाकलेत, पण आहेत. आणि त्या पायांना भोकंच न्हाईत! एकालाही न्हाई. तू नवीन पाय जोडलेस आणि आडवी भोकं पाडायची विसरलास. मी जमनाच्या वेळी धावले नसते तरी पाचर घालणार कशात होते? दहादा पाहिलं मी. भिंग लावून पाहिलं. वैनीला दाखवलं. ती म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं, पण तुझ्या डोळ्यांत पाणी का आलंय?"

शंकर गुरव ओसरीवर चहा पीत होता. मी आकडा घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "काका, ही चूक दादाची होती हो! त्यानं भोकंच पाडली नव्हती!"

तो माझ्याकडं बघतच राह्यला. म्हणाला, "हो मंग. त्यानं पंचांत सांगितलं व्हतंच की."

मी म्हणाले, "तुम्हाला खरं वाटलं होतं?"

"आता एवढा मोठा मानूस पटका काढून सांगतोय, मंग खरं न्हाई तं काय? मी तं त्याच्या मागं मागं गाडीपत्तोर गेल्तो. म्हटलं, माझ्या दिव्यानं पडला बाबा, तुझी कशाची चूक! तं म्हनला, दिवा देवाचा, त्याला बोल लावू नको. पाचर मारायला गेलो तं भोक न्हाई. म्हटलं उद्या काढून पाडू. तेवढ्यात लेक झाली अन् माझं ध्यान उडालं. असं म्हनला. तुला न्हाई बोलला?"

न्हाई. मला न्हाई बोलला! गुरवाला बोलला, आणि मला न्हाई!

मी तणतणत आत आले आणि वैनीवर ओरडले. ती शांतपणे तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तुला कशाला सांगतील? त्यांना वाटत व्हतं तुला माहीतच आहे. आकडा तुझ्या हातात व्हता, भोक न्हाई ते तुला दिसलं असंलच. मला म्हनायचे, माझ्या चुकीपायी लोकांनी गोदीच्या हाताला नाव ठेवलं. तिला लागलं ते, म्हनून ती उठून गेली. आता कोणत्या तोंडानं तिला परत बस म्हनू?"

दादा, हे मी वैनीला परत एकदा सांगायला लावलं.

म्हणजे तू जाईपर्यंत समजत होतास की मी तुझ्यावर रुसले आहे. आणि मी समजत होते की तू मला झाकलंस. तू अपराधी, मी अपराधी, आणि दोघं एका ताटलीतली चटणी खात होतो! एवढे कसे रे आपण येडे?

पण माझा येडेपणा जास्त. गुरवानं तुझं खरं मानलं. धोंडिबानं मानलं, पाटलांनी मानलं, त्या मान हलवणाऱ्या म्हाताऱ्यानंसुद्धा मानलंच असणार. तू भर गावात उभा राहून म्हणालास, चूक माझी, आणि सगळ्या गावाचा तुझ्यावर विश्वास बसला. एकट्या माझा बसला न्हाई. तुझ्या पाठच्या बहिणीचा. तू फार मोठा आहेस असं म्हणता म्हणता मी तुला खोटं धरलं.

बघ, राग कधीच उतरलाय. मला माफ कर, दादा. आणि तुझी चूकही मी माफ केली. लेक झाल्याच्या आनंदात दोन भोकं पाडायची राहिली तर राहिली! जमनाला सांगितलं तर ती किती दिवस मिरवील, तूच बघ.

काल सकाळी मी चटई झटकून ओसरीच्या उजेडात पसरली. तिनाचे पाय सरळ केले. भोक पाडायची तुझी ती बारीक सामती घेतली, तीन वेळा तिचं टोक मोडलं, बोटाला लागलं, तुझ्या नावानं दोन शिव्याही दिल्या. पण दोन्ही पायांना भोकं पाडली. चाकांत बसलेली दिव्याची काजळी पुसली, तसं घड्याळ चालूही झालं. आकडा अजून बसवला न्हाई. समोरून खिळ्याचं भोक आहे ना, ते पितळेनं भरून घासायचंय. ते दिसलं तर उस्ताद तुला तिथं वर सुखानं बसू देतील का?

गुरव जाताना दारात घुटमळला. "पोरी, घड्याळ कुनाकडं देनार दुरुस्तीला?" मी म्हणाले, "देणार कुणाकडं? मीच करणार." मला वाटलं आता बाईच्या हातावरून काही तरी बोलेल. तो म्हणाला, "मंग शनिवारी गाडी घेऊन येतो," आणि बैल हाकले.

दिवस सध्या बरे न्हाईत, दादा. स्टेशनाकडं रोज मारामारीचं काही ना काही ऐकू येतं, दुकानं लोक जल्दी बंद करतात. वैनी म्हणते, गावाला एकटी कशाला जातीस? पण मी जाणार.

तुला एक वचन देते. शनिवारी तिनाचा आकडा मी माझ्या हातानं बसवून, पाचरी मारून, देवळात लावून येईन. म्हादू, धोंडिबा, जे कोण असतील त्यांना म्हणेन, हलवून बघा. आणि तुझ्या पेटीवर आता धूळ बसायची न्हाई. उद्या माझ्या कामात काही चुकलं तर मी तुझ्यासारखी उभी राहून सांगेन की चूक माझी. आणि घरात कुणी मला असं सांगितलं, तर मी त्याच्या शेजारी बसून आधी विचारीन, काय झालं ते. उठून जाणार न्हाई, दादा. आता कधीच उठून जाणार न्हाई.

तीर्थस्वरूप दादाला, त्याच्या शेजारच्या चटईवरून,

तुझी
गोदा